प्रसेनजित राजाचे ताट आणि आपल्या कार्यकर्त्यांचे वजन

जयंतीच्या आधी आमच्या वस्तीतील विहारात आम्ही आरोग्य शिबिर घेतले. टेबल-खुर्च्या, वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र, साखर तपासायच्या पट्ट्या, सगळी जुळवाजुळव आमच्या गटाने केली. दुपारी गर्दी ओसरल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही लागा रांगेत." आम्ही सात जण होतो. एकमेकांची चेष्टा करत काट्यावर चढलो. सातपैकी पाच जणांचे वजन उंचीच्या मानाने जास्त निघाले आणि अडतीस वर्षांच्या एका मित्राची साखर तीनशेच्या वर गेलेली. मोर्चात सगळ्यात पुढे असणारा, रात्री दोन वाजता कुणासाठी पोलीस ठाण्यात जायचे असेल तर पहिला उठणारा हा माणूस. शिबिरात तो हसत होता. रात्री अकरा वाजता त्याचा फोन आला, "यात पाय कापावा लागतो का रे?"

दुसऱ्यांचे आरोग्य तपासायला निघालेले आम्ही स्वतःच्या शरीराबाबत इतके बेफिकीर कसे राहिलो, हा प्रश्न त्या फोननंतर आमच्यासमोर उभा राहिला. पुढचे वर्षभर आम्ही वाचले, डॉक्टरांना विचारले, स्वतःवर प्रयोग केले, चुकलो. त्यातून जे कळले ते इथे मांडत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण कमी करू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात मात्र एका जुन्या गोष्टीने करू, कारण वजनाबद्दल इतके नेमके आम्ही दुसरीकडे क्वचितच वाचले.

संयुत्त निकायात कोसल देशाचा राजा प्रसेनजित याची गोष्ट आहे. राजा द्रोणभर भाताचे जेवण करी. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकत तो श्रावस्तीला तथागतांच्या भेटीला आला. तथागतांनी त्याला उपवास सांगितला नाही, रागावले नाहीत. जो माणूस सजग राहून अन्नाची मात्रा ओळखतो त्याचे त्रास कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा आशयाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितले, ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की म्हण, त्यासाठी तुला रोज शंभर कार्षापण देईन. राजाचे जेवण द्रोणावरून हळूहळू उतरत नाळीभर भातावर येऊन स्थिरावले. अंग हलके झाल्यावर राजाने स्वतःच्या अंगावरून हात फिरवला आणि तथागतांचे उपकार मानले.

धम्मपदाच्या अट्ठकथेत याच गोष्टीला एक बारकावा जोडलेला आहे. राजा शेवटच्या घासाला आला की गाथा म्हणायची, राजाने तो घास बाजूला ठेवायचा, त्या घासात जेवढी शिते असतील ती मोजायची आणि पुढच्या वेळी तेवढे तांदूळ कमी शिजवायचे.

आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा थक्क झालो. राजाने निश्चयावर भिस्त ठेवली नाही. त्याला स्वतःची ओळख होती. ताट समोर आले की सकाळचा निश्चय विरघळतो, हे माहीत असल्यामुळे त्याने जेवणाच्या क्षणी आठवण करून देणारा माणूस ठेवला. आणि मुदपाकखान्यातच भात कमी शिजू लागला. पालीमध्ये या गुणाला 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणतात, म्हणजे जेवणातील मात्रा जाणणे. मूळ सुत्तात राजा 'अनुपुब्बेन', म्हणजे क्रमाक्रमाने, कमी जेवणावर आला असे म्हटले आहे. आमच्या मते सगळी मेख या एका शब्दात आहे.

झटपट उतरलेले वजन परत का येते

व्हॉट्सअॅपवर 'महिन्यात दहा किलो' असे तक्ते फिरतात. आमच्यापैकी दोघांनी ते केले. एकाने तीन आठवडे रात्रीचे जेवण सोडून फक्त काकडी खाल्ली. साडेपाच किलो उतरले. चौथ्या आठवड्यात बहिणीचे लग्न आले, आणि दिवाळीपर्यंत त्याचे वजन पूर्वीपेक्षा दीड किलो जास्त होते. तो स्वतःला दोष देत राहिला. तो दोष त्याचा नव्हता.

अमेरिकेत वजन उतरवण्याची एक दूरचित्रवाणी स्पर्धा गाजली होती. तिच्यातील १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनी अभ्यास करून केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३० आठवड्यांत या लोकांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते. सहा वर्षांनी त्यातील सरासरी ४१ किलो परत आले होते. आणखी महत्त्वाचे म्हणजे विश्रांतीच्या वेळी त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. एकदम अन्न तुटले की शरीराला दुष्काळ पडल्यासारखे वाटते. ते खर्च आवरते आणि भूक वाढवते. दुष्काळातून जगून निघायला हे शहाणपणाचेच आहे.

सवयीचे गणित वेगळे आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी एकेक छोटी सवय निवडून रोज पाळून पाहिली. ती अंगवळणी पडायला मध्यमानाने ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यांना दिसले. हे शेवटचे वाक्य आम्ही गटात मोठ्याने वाचून दाखवले. आपल्यातले निम्मे लोक 'आज चुकलंच, आता सोमवारपासून बघू' म्हणून सोडून देतात.

पोटभर जेवणाची आपली आठवण

आता जे सांगायचे आहे ते कोणत्याही आहारतक्त्यात सापडणार नाही, आणि आमच्या समाजात त्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही.

आमच्या आजीला १९७२ चा दुष्काळ आठवत असे. खडी फोडायला गेलेली, मिळालेली सुकडी पदरात बांधून मुलांसाठी आणलेली, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी नाक दाबून खाल्लेली. त्याआधीच्या पिढ्यांनी तर बलुत्यात मिळालेल्या शिळ्यापाक्यावर दिवस काढले. अशा घरात ताट भरलेले असणे हा मान असतो. पोराचे पोट पुढे आले की आई खूश होते, 'तब्येत सुधारली' म्हणते. बारीक माणूस म्हणजे आजारी नाहीतर कर्जबाजारी. त्या आईला 'वाढू नको' म्हणणे म्हणजे तिने आयुष्यभर जे कमावले तेच नाकारल्यासारखे होते.

कुणाच्या घरी गेल्यावर तर प्रश्न अधिकच नाजूक होतो. ज्या समाजाच्या हातचे पाणी लोक पीत नव्हते, त्या समाजात पाहुण्याने वाढलेले नाकारले की जुनी जखम उघडते. एका वस्तीत सर्वेक्षणाला गेलो असताना आमच्यातील एका ताईने दुसऱ्यांदा भात नको म्हटले. घरच्या मावशी पटकन म्हणाल्या, "का बाई, आमच्या घरचं चालत नाही का?" ताई त्याच समाजातील, तरी तिच्या डोळ्यांत पाणी आले. ताट पुढे करून तिने भात घेतला.

त्यावर आम्ही जो मार्ग काढला तो साधा आहे. पहिल्यांदाच कमी वाढून घ्यायचे, सावकाश जेवायचे, आणि दुसऱ्यांदा मागायचेच, पण भात मागण्याऐवजी कालवण किंवा भाजी मागायची. 'मावशी, आमटी झकास झालीय, अजून वाढा' म्हटले की मावशीही खूश. भात वाढायचा राहून गेला हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

चहा, उरलेले अन्न आणि चालणे

शिबिरानंतरच्या आठवड्यात आम्ही प्रत्येकाने दिवसभरातील चहा मोजला. कार्यकर्त्याचा दिवस चहावर चालतो. तहसील कचेरीबाहेर एक, बैठकीत दोन, कुणाच्या घरी नाही म्हणता येत नाही म्हणून एक. सर्वात कमी आकडा पाच होता, सर्वात जास्त अकरा. आठ कप धरू. कपात दोन चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर. आठ कपांत ८० ग्रॅम साखर आणि तिच्या ३२० कॅलरी, दूध वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीचे दिवसाला २००० कॅलरी धरून गणित केले तर वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत हवी. आम्ही जेवायला बसण्याआधीच ती मर्यादा ओलांडत होतो. चहाबरोबरची खारी, टोस्ट, ग्लुकोज बिस्किटे हा हिशेब अजून बाहेरच आहे.

चहा सोडायचे आम्ही ठरवले नाही. ठरवले असते तर चार दिवस टिकले असते. बैठकीत साखर वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. ज्याला हवी त्याने घालून घ्यावी. दर दोन-तीन आठवड्यांनी अर्धा चमचा कमी. पहिले दहा दिवस चहा पांचट लागला. आता टपरीवरचा कटिंग गोड मिट्ट लागतो, अर्धा प्यायला जातो. बिस्किटांच्या पुड्याऐवजी बैठकीत फुटाणे ठेवतो. शेंगदाणेही ठेवून पाहिले, पण शेंगदाणे मूठभरावर थांबत नाहीत असा अनुभव आला.

घरातील बायकांचा प्रश्न आम्हाला, खरे सांगायचे तर, गटातील ताईंनी शिकवला. पुरुष मंडळी चहा आणि वडापाव मोजत बसली होती. ताई म्हणाल्या, आमचे वजन चहाने वाढत नाही, उरलेल्याने वाढते. मुलाने अर्धी टाकलेली चपाती, पातेल्यात राहिलेला भात, सकाळचे कालवण. अन्न टाकवत नाही, मग सगळ्यांचे झाल्यावर रात्री अकराला जी जेवायला बसते तिच्या ताटात ते जाते. आधी भूक मारलेली असते, नंतर गरजेपेक्षा जास्त खाल्ले जाते. इथे आम्हाला प्रसेनजिताची शिते आठवली. दोन घरांनी आठवडाभर रोज किती उरते ते पाहिले आणि तेवढे तांदूळ कमी घ्यायला सुरुवात केली. एका ताईंनी दुसरे काहीच बदलले नाही, फक्त माप कमी केले आणि सगळ्यांबरोबर साडेआठला जेवायला बसू लागल्या. बसू लागल्या हे लिहायला सोपे आहे. त्यासाठी नवऱ्याला स्वतःची भाजी स्वतः वाढून घ्यावी लागली, आणि घरात तीन आठवडे धुसफूस झाली.

ताटात काय असावे याबद्दल थोडेच सांगतो. आपल्याकडे येणारे तक्ते ओट्स, बदाम आणि पनीर धरून चालतात. पोट भरलेले राहायला प्रथिने लागतात, आणि आपल्याकडे ती अंडी, सुकट, बोंबील, मटकी, हुलगे आणि घट्ट डाळीत आहेत. (२०१५ च्या कायद्याने गरिबाच्या ताटातील स्वस्त मांस गेले, त्याची चर्चा आहारतज्ज्ञ करत नाहीत.) ज्वारीची भाकरी चांगलीच, पण भाकरीने वजन उतरते हा समज आम्ही सोडला. चार भाकऱ्या म्हणजे चार भाकऱ्याच. फायदा एवढाच की ती चावून खावी लागते आणि लवकर तृप्ती देते. तेलाकडे मात्र डोळे उघडे ठेवून पाहावे. एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात, आणि आमच्या घरात पळीने सरळ ओतायची रीत होती. आता महिन्याचे तेल आणले की चार बाटल्यांत वाटून ठेवतो, आठवड्याला एक.

चालण्याबद्दल खूप बोलले जाते. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावावरून पसरला, तेव्हा तो पवित्र मानण्याचे कारण नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे दम थोडा वाढेल असे चालावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वस्तीत खरा प्रश्न जागेचा असतो. पुरुष रिंग रोडवर जाऊ शकतात. अंधार पडल्यावर बायका कुठे चालणार? आमच्याकडे संध्याकाळच्या वंदनेनंतर विहाराच्या आवारात आठ-दहा जणी फेऱ्या मारू लागल्या. सुरुवातीला पोरे हसली. महिन्याभराने त्यांतल्याच दोन पोरांच्या आया फेऱ्यांत सामील झाल्या, मग हसणे थांबले. एकटी असती तर चौथ्या दिवशी घरी बसली असती, असे एकीने सांगितले. राजाला सुदर्शन लागला, तिला या नऊ जणी.

झोपेचे एवढेच, की रात्री एकपर्यंत पोस्टर आणि पोस्ट करत बसणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेले जास्त हवेसे वाटते. ही आमच्यापैकी प्रत्येकाची खात्रीची खबर आहे.

काटा काय सांगतो आणि काय नाही

किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय येतो. आपल्याकडील डॉक्टर २३ पासून पुढे जास्त वजन आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा धरतात. युरोपात हेच आकडे २५ आणि ३० आहेत. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला साधारण ६३ किलोला सावध व्हायला हवे आणि ६८ किलो म्हणजे लठ्ठपणाची सुरुवात. ऐकून धक्का बसतो, कारण ६८ किलोच्या माणसाला आपण 'अंगापिंडाने बरा' म्हणतो.

आकडे वेगळे का, याचे उत्तर पुण्यात सापडले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ आणि आत चरबी, अशी आपली घडण आहे आणि ती आईच्या गर्भातील पोषणापासून सुरू होते, असे त्यांच्या पुढील कामातून दिसले. म्हणून कंबरेचे माप घ्यावे. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा. तीस वर्षांवरील लोकांचा फॉर्म भरताना आशाताई कंबर मोजतात ते याचसाठी, त्यांना हसून परत पाठवू नका.

काटा हलला नाही तरी निराश होऊ नका, हेही अभ्यास सांगतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना अमेरिकेत वजन सात टक्के उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट दिले गेले. २००२ साली आलेल्या निष्कर्षानुसार त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने २००६ मध्ये भारतीय लोकांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे लोकांचे वजन फारसे उतरले नाही, तरी आहार आणि चालण्यातील बदलाने मधुमेहाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले. काट्याला दिसत नाही असे बरेच काही आत बदलत असते. आम्ही आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, एकाच काट्यावर वजन करतो. रोज केले की पाण्याच्या चढउतारानेच माणूस वैतागतो.

मधुमेह फक्त वजनाने होतो असे नाही. पण हा आजार कार्यकर्त्याचे आयुष्य कसे पोखरतो हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांनी मधुमेह आणि पायांच्या असह्य वेदना सोसत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला. तो छापून आला १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. त्या काळात त्यांच्याजवळ जी औषधे नव्हती ती आज आपल्याजवळ आहेत, सरकारी केंद्रात तपासणीही होते, आणि तरी आपण शिबिरात दुसऱ्यांचे बोट टोचून स्वतःचे मागे ठेवतो.

यंदा जयंतीच्या आधी आम्ही तेच शिबिर पुन्हा घेतले. या वेळी आधी आम्ही रांगेत लागलो. अकरा कपवाला मित्र साडेचार किलो उतरला आहे, वर्षात एवढेच, पण परत आलेले नाही. ज्याची साखर तीनशेवर होती त्याची आता गोळ्या आणि चालण्याने आटोक्यात आहे आणि वजन सहा किलो कमी आहे. अजूनही तोच रात्री दोनला पोलीस ठाण्यात जातो, त्याबद्दल आमचे भांडण चालू आहे. दोघांच्या वजनात काहीच फरक नाही. एकाचे दोन किलो वाढले. त्याला गोदामात रात्रपाळीची नोकरी लागली, पहाटे तीनला तिथे वडापाव आणि मिसळीशिवाय काही मिळत नाही. त्याच्या घरी स्वयंपाक रात्री आठला होतो, तो निघतो साडेनऊला. सध्या दोन घरांनी मिळून त्याचा डबा करायचा विचार चालला आहे. सोमवारी आणि गुरुवारी कोण करणार, एवढे ठरायचे बाकी आहे.